दोन याद्या, एक गोळी

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*मी ४७ वर्षांची आहे. वर्षभर छातीत जळजळ होते, रात्री घशाशी आंबट येतं, ठसका लागून जाग येते. शरीर ‘ॲसिडिक’ झालंय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी अल्कलाइन आहार सुरू केला. दूध, अंडी, मासे, कडधान्यं बंद केली, धान्य निम्म्यावर आणलं. रोज सकाळी चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यातून घेते. लघवी तपासायच्या पट्ट्या आणल्यात. रंग निळसर आला की बरं वाटतं, पिवळा आला की दिवसभर हुरहुर. पहिले दोन महिने खूप हलकं वाटलं, वजन सहा किलो उतरलं. आता मात्र थकवा आहे, दात आंबतात आणि जळजळ आहे तिथेच आहे. रात्री थंडावा म्हणून पुदिन्याचा काढा घेते. एका यादीत लिंबू ॲसिडिक म्हणून वर्ज्य आहे, दुसऱ्या यादीत तेच अल्कलाइन म्हणून रोज घ्यायचं. सध्या सकाळभर लिंबूपाण्याचे घोट घेते. कुणाचं खरं मानू? आम्लामुळे कॅन्सर होतो हे शोधणाऱ्याला नोबेल मिळालं, असा मेसेजही नणंदेने पाठवलाय. आणि हो, मी भाज्या व्हिनेगरमध्ये घालून हवाबंद बरण्यांत ठेवते. गेल्या महिन्यात व्हिनेगर निम्मं करून दोन बरण्या भरल्या. चालेल ना? अल्कलाइन पाण्याचं यंत्र घ्यावं का? आणि या पट्ट्या पुढे किती दिवस वापरू?*

*— एक गोंधळलेली वाचक*

*ता. क. बीपीची गोळी दोन वर्षं चालू आहे. गुडघा फार दुखला की दुखण्यावरची गोळी घेते, आठवड्यातून तीन-चारदा. कामावरून यायला उशीर होतो, त्यामुळे जेवण साडेदहाला आणि अकराला झोप. हे सांगायची गरज नव्हती, पण लिहून टाकलं.*

नमस्कार.

सांगायची गरज नव्हती म्हणता, पण मला तुमचं अख्खं दुखणं त्या ताज्या कलमात दिसलं. तिकडे येतेच. आधी दोन गोष्टी आजच्या आज करायच्या आहेत, त्या सांगून टाकते.

पहिली, त्या दोन बरण्या. चव न घेता टाकून द्या. अन्नातली आम्लता जिथे खरोखर जीव वाचवते अशी एक जागा आहे, ती म्हणजे हवाबंद बरणी. बोटुलिझमचे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात आणि जहाल विष तयार करतात. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. पीएच ४.६ च्या खाली, म्हणजे पुरेशा आंबट अन्नात, त्यांची वाढ होत नाही. व्हिनेगर बरणीत असतं ते यासाठी, चव हा वरचा फायदा. तुम्ही ते निम्मं केलंत म्हणजे घराचं दार राहिलं आणि कुलूप काढून ठेवलंत. या विषाला बरेचदा वास नसतो, रंग नसतो, झाकणही फुगेलच असं नाही. त्या बरणीतलं आधीच कुणी खाल्लं असेल आणि एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होऊन मिटणं, गिळायला त्रास असं काही झालं तर वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. पुढच्या वेळी व्हिनेगर कृतीत लिहिलंय तेवढंच.

दुसरी, सोडा बंद. चमचाभर खाण्याच्या सोड्यात सुमारे १३०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून मिळून २००० मिलिग्रॅमच्या आत राहा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही बीपीची गोळी गिळता आणि सकाळी उठल्याबरोबर त्या गोळीच्या विरुद्ध काम करणारा चमचा पिता. शिवाय सोडा जठरातल्या आम्लात पडला की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो, पोट फुगतं, ढेकर येते आणि त्या ढेकरेबरोबर आम्लही वर येतं. बरं वाटतं ते थोडाच वेळ.

आता लिंबू.

दोन्ही याद्यांमध्ये सरळ खोटं बोललेलं नाही, हीच त्यातली गंमत आहे. त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात आणि तुम्ही त्या एकत्र पाळता आहात. पहिली यादी लिंबू जिभेवर कसं आहे ते सांगते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्ल. दुसरी यादी लिंबू पचून झाल्यावर मागे काय उरतं ते सांगते. लिंबातलं सायट्रिक आम्ल शरीर जाळून टाकतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि पोटॅशियमसारखे क्षार उरतात ते आम्लाच्या उलट बाजूचे. मांस, मासे, अंडी, चीज यांचं याउलट. जिभेला आंबट लागत नाहीत, पण त्यांच्या प्रथिनांतल्या गंधकापासून शेवटी थोडं सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. पूर्वी पदार्थ जाळून त्याची राख आम्ल की अल्कलाइन ते बघत, तिथून ही दुसरी यादी आली. राखेचं रसायन बरोबर आहे. चूक पुढच्या उडीत आहे: राख आम्ल, म्हणून रक्त आम्ल.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. ही पट्टी किती अरुंद आहे ते लक्षात येण्यासाठी एवढंच सांगते की ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर माणूस सहसा जगत नाही. इतकी नाजूक गोष्ट शरीर तुमच्या-माझ्या ताटावर सोपवून ठेवील का? फुप्फुसं दर श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, तो पाण्यात विरघळला की आम्लच. रक्तातलं बायकार्बोनेट हे आम्ल शमवणारं द्रव्य कमी-जास्त होऊन तोल धरतं. आणि प्रथिनांपासून आलेलं ते थोडंसं आम्ल मूत्रपिंडं गाळून लघवीत सोडतात. जीव तोडून धावणाऱ्या खेळाडूच्या रक्ताचा पीएच काही मिनिटांसाठी ७.२ पर्यंत उतरतो आणि तो पाणी पिऊन, घाम पुसून घरी जातो तोवर जागेवर येतो. एखाद्या अंड्याची काय कथा.

तुमच्या पट्ट्यांचा हिशोबही इथेच लागतो. लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही फिरतो आणि तो खाण्याने खरोखर बदलतो. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकात प्रयोगशाळेत आणलेल्या सशांची लघवी नितळ आणि आम्ल दिसली. गवत खाणाऱ्या प्राण्याची असते गढूळ आणि अल्कलाइन. त्याने ओळखलं की ससे उपाशी आहेत, स्वतःचंच मांस जाळून जगतायत. त्यांना गवत दिलं, लघवी पुन्हा गढूळ झाली. उपाशी ठेवलं, पुन्हा नितळ. आणि याच माणसाने पुढे मांडलं की प्राण्याच्या शरीराचं आतलं वातावरण स्थिर असतं, बाहेर काहीही बदलो. म्हणजे बादलीतलं पाणी मळलं याचा अर्थ फरशी पुसली गेली. पट्टी पिवळी आली त्या दिवशी तुमच्या मूत्रपिंडांनी नेमून दिलेलं काम केलं, आणि तुम्ही दिवसभर हुरहुरलात.

यंत्राबद्दल विचारलंत, त्याचं गणितच मांडते. पीएचची एक पायरी म्हणजे दहा पट फरक. जठररसाचा पीएच २ धरा आणि यंत्राच्या पाण्याचा ९. त्या पाण्यात बायकार्बोनेटसारखे क्षार मुद्दाम मिसळलेले नसतील, तर लिटरभर पाणी साधारण एक मिलिलिटर जठररस शमवेल. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस सोडतं. यंत्र घेऊ नका.

नणंदेच्या मेसेजमधलं नाव ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाचं असणार. त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एंझाइमवरच्या कामासाठी. कॅन्सरच्या पेशी साखर वेगळ्या तऱ्हेने वापरून लॅक्टिक आम्ल बनवतात हेही त्यांनीच दाखवलं होतं. म्हणजे गाठ आपल्याभोवती आम्ल तयार करते. धूर दिसला म्हणून धुराने घर पेटलं असं कुणी म्हणत नाही.

मग पहिले दोन महिने हलकं का वाटलं? कारण ताटात भाज्या आणि फळं वाढली, तळलेलं आणि पाकिटातलं कमी झालं, वजन उतरलं. ते सगळं चांगलंच होतं आणि तेवढं चालू ठेवा. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांना आणि काही प्रकारचे मुतखडे होणाऱ्यांना आहारातल्या या आम्लभाराचा खरोखर फरक पडतो. पण तो त्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीचा मामला आहे, कारण मूत्रपिंडं कमजोर असली की फळं-भाज्यांतलं पोटॅशियमही साचू शकतं.

मला काळजी आहे ती तुम्ही सोडलेल्या गोष्टींची. ‘आम्ल शमवायला शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं’ हे वाक्य तुमच्याही यादीवर असेल. प्रथिनं वाढवली की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, हे खरं. तेवढ्यावर बरीच वर्षं ही भीती उभी होती. नंतर दिसलं की प्रथिनांबरोबर आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलंही जातं, आणि आम्लभारामुळे हाडं झिजतात हे प्रयोगांत काही सिद्ध झालं नाही. तुम्ही ४७ वर्षांच्या आहात, पाळी जाण्याचा काळ जवळ आलाय, हाडांची खरी झीज आता सुरू व्हायची आहे. अशा वेळी हाडं वाचवायची म्हणून दूध, अंडी, मासे, कडधान्यं एकदम बंद! कॅल्शियम गेलं, प्रथिनं गेली, बी-१२ चे जवळजवळ सगळे मार्ग बंद झाले. कडधान्यं आणि अंडी याच आठवड्यात परत आणा. दूध चालत असेल तर तेही. फक्त जळजळीवरचं औषध म्हणून दूध नको, घोटभर गेल्यावर गार वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

दातांचं उत्तर सोपं आहे, फक्त ऐकायला आवडत नाही. ‘दात आंबणं’ हा शब्द आपल्या भाषेत फार नेमका आहे. तोंडातला पीएच ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं कवच विरघळू लागतं. लाळ ते सावरते, पण तिला वेळ लागतो. एक ग्लास लिंबूपाणी एका दमात प्यालात तर लाळेला एकदाच खपायचं आहे. सकाळभर घोट-घोट घेत राहिलात तर तिला उसंतच नाही. बाटलीतल्या फसफसणाऱ्या पेयांचंही तेच, मग ती बिनसाखरेची का असेनात. लिंबू हवं तर जेवणाबरोबर घ्या, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि तासभर ब्रश लावू नका. मऊ पडलेल्या कवचावर ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा. आणि दाताच्या डॉक्टरांना रात्री घशाशी येतं हे आवर्जून सांगा. आतल्या बाजूने झिजलेले दात पाहून जळजळीचं निदान आधी दाताच्याच डॉक्टरांनी केल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

आता ता. क.

जठरात आम्ल असणं हा आजार नव्हे. पीएच दीड ते साडेतीनचं आम्ल तिथे असायलाच हवं, त्याशिवाय प्रथिनांचं पचन नीट सुरू होत नाही आणि खाण्यातले जंतूही मरत नाहीत. लिंबू जठरात गेलं तर जठर आणखी आंबट होत नाही, जठर मुळातच लिंबाच्या तोडीस तोड. बिघाड होतो तो आम्ल जागा सोडतं तेव्हा. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची झडप आहे. ती सैल पडली, किंवा खालून दाब वाढला, की आम्ल वर सरकतं आणि अन्ननलिकेला जठरासारखं संरक्षक अस्तर नसल्यामुळे भाजतं. आपण या सगळ्याला ‘ॲसिडिटी’ हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे लिंबू, जठर, रक्त, लघवी सगळं एका पोत्यात जातं आणि चोर सुटतो.

साडेदहाला पोटभर जेवून अकराला आडवं होणं म्हणजे काठोकाठ भरलेली बाटली झाकण सैल ठेवून आडवी करणं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. नोकरीच्या वेळा मी बदलू शकत नाही, म्हणून असं करा: मुख्य जेवण दुपारी, संध्याकाळी सहा-सातला कामाच्या जागीच काहीतरी ठोस खाऊन घ्या आणि रात्री घरी आल्यावर अगदी हलकं, थोडंसं. डोक्याकडच्या बाजूने पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून ती बाजू १५-२० सेंटीमीटर उंच करा. उशा वाढवू नका, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा. आणि तो पुदिन्याचा काढा! जिभेला थंड लागतो खरा, पण पुदिना ती झडप सैल करतो. तुम्ही थंडावा म्हणून झोपताना दार उघडून ठेवता आहात. चॉकलेट, मद्य, तंबाखू, खूप तेलकट जेवण यांचाही हाच दोष. टोमॅटो, संत्री, कॉफी यांबद्दल मी सरसकट बंदी घालत नाही. सोललेल्या अन्ननलिकेला ती झोंबतात, काहींना अजिबात नाही. दोन आठवडे वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, आडव्या कधी झालात, जळजळ कधी झाली. माझा अंदाज आहे, पदार्थांच्या रकान्यापेक्षा वेळेचा रकाना जास्त बोलेल.

आणि गुडघ्याची गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घराण्यातली असेल तर ऐका. दुखणं निर्माण करणारी जी द्रव्यं ही गोळी रोखते, त्याच जातीची द्रव्यं जठराच्या अस्तरावरचा चिकट संरक्षक थर टिकवून ठेवतात. गोळी दोन्हींत भेद करत नाही. आठवड्याला तीन-चार गोळ्या, त्यातली एखादी रिकाम्या पोटी, असं महिनोन्‌महिने चाललं की अस्तराला जखम होऊ शकते आणि तिथून थोडं थोडं रक्त झिरपू शकतं. वेदना होईलच असं नाही. दिसतो तो थकवा. तुम्ही थकव्याचं खापर कशावर फोडलंत मला माहीत नाही, पण मला आहारातली कमतरता आणि ही गोळी, दोन्हींचा संशय आहे. याच गोळ्या बीपी चढवतात आणि मूत्रपिंडांवरही ताण आणतात, म्हणजे त्या बीपीच्या गोळीचा आणखी एक वैरी घरातच निघाला.

म्हणून या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी स्वतःहून सांगा: दुखण्यावरची गोळी किती आणि कधीपासून, आठ महिने सोडा घेतला, आणि सहा किलो वजन उतरलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम) तपासून घ्यायला विचारा. गुडघ्यासाठी दुसरा उपाय मागा. बीपीच्या काही गोळ्यांनीही ती झडप सैल पडते, तेही विचारा, पण ती गोळी मनाने बंद करायची नाही. जठरात जखमा करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही करावी लागेल. जठरातल्या जखमा तिखट खाण्याने आणि काळजीने होतात असं डॉक्टरही कितीतरी वर्षं मानत. १९८४ मध्ये बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने त्या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. नणंदेला पाठवायचा असेल तर हा मेसेज पाठवा.

डॉक्टरांनी आम्ल कमी करणारी गोळी दिली, तर तिची वेळ नीट विचारून घ्या. ओमेप्राझोलच्या जातीची असेल तर ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. पुष्कळजण जेवून झाल्यावर घेतात आणि लागू पडत नाही म्हणून दुप्पट करतात. महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली की काही आठवडे आम्ल उसळून येऊ शकतं, म्हणून सोडतानाही विचारून, हळूहळू.

शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, घास अडकायला लागला किंवा खाणं पूर्ववत करूनही वजन घटत राहिलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि छातीतली जळजळ चालताना वाढली, जबड्यात किंवा हातात सरकली, सोबत घाम आणि धाप असली, तर ती ‘ॲसिडिटी’ म्हणून घरी बसू नका. बीपी असलेल्या बाईने तर नाहीच नाही. रुग्णवाहिका बोलवा.

पट्ट्या किती दिवस वापरायच्या म्हणता? स्नानगृहातून आज बाहेर काढा. घरात शाळेत जाणारं कुणी असेल तर डबा त्याच्या हाती द्या, व्हिनेगर, दूध, साबणाचं पाणी सगळ्यात बुडवून रंग बघत बसेल. हिमोग्लोबिनचा आकडा आला की मला कळवा, आणि त्या गोळीचं नावही लिहा.

— तुमची ताई